मुनीरची दुसरी टाळी

मुनीर रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला एक टाळी वाजवायचा आणि शेवटी एक. दुसरी टाळी झाली की स्टुडिओच्या काचेत स्वतःच्या मिशा न्याहाळायचा. अत्तर इतकं लावायचा की तो घरी गेल्यावरही माईकला वास येई. लातूरचा तो स्टुडिओ आम्हा दोघांच्या भागीदारीतला; पण गायक आल्या आल्या विचारत, "मुनीरभाई हायेत का?" मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

दोन साउंड कार्डं होती, एक त्याचं, एक माझं. प्रत्येक कार्डाला स्वतःचं घड्याळ असतं, आणि तासाभरात दोन्हींत जरासा फरक पडतोच. टाळ्या त्यासाठीच: दोन्ही कार्डांवरची टाळी एकच ऐकू आली की वेळ जुळली. "दोन घड्याळांचा संसार चालत न्हाई, दत्ता," म्हणत मुनीर मध्ये केबल जोडायचा आणि माझं कार्ड त्याच्या कार्डाच्या वेळेवर चालवायचा. त्याचं कार्ड सरस होतं, मान्य. पण माझ्या यंत्रानेही त्याचंच ऐकावं, हे मला सोसेना.

चाकूरच्या गोदाक्का भजनं म्हणायला आल्या. आवाज थकत चालला होता, म्हणून एका बैठकीत सगळं गाऊन घ्यायचं होतं. त्यांचा आवाज मुनीरच्या कार्डावर, पखवाज माझ्या. मुनीर त्यांना चहा देत होता, तेवढ्यात मी माझं कार्ड गुपचूप स्वतःच्या घड्याळावर टाकलं.

नंतर सगळे ऐकायला बसलो. पहिली टाळी एकच वाजली. शेवटच्या भजनात पखवाज मागे रेंगाळू लागला. दुसरी टाळी दोनदा ऐकू आली.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. "म्याच सुटले का रं तालातून?"

"न्हाई अक्का, तुमी जाग्यावरच हाव. माझी केबल ढिली राह्यली." मुनीरसारखा नखरेल माणूस, चारचौघांत कान पकडून उभा राहिला.

पखवाज त्याने नंतर जुळवून दिला. तरी अक्कांच्या मुलाने पुढचं काम माझ्याकडे दिलं, मग इतरांनीही. मी नको म्हणालो नाही. मुनीर हदगावला गेला, लग्नांत स्पीकर लावू लागला.

परवा गेलो त्याच्याकडे. मिशा अजून काळ्याभोर. चहा गार झाला तेव्हा कुठे मी ते घड्याळाचं बोललो.

"तवाच कळलं होतं मला. केबल तर घट्ट होती."

"मग बोलला का नाहीस?"

"आपण भांडत बसलो असतो, अन् अक्का स्वतःलाच बेताल समजून घरी गेली असती. तिला तिथंच उत्तर पायजे होतं."

सांगून टाकल्यावर मन हलकं होईल असं वाटलं होतं. पण परतीच्या बसमध्ये एकच डोक्यात: त्या क्षणी अक्कांकडे बघायचं त्याला सुचलं. मला त्याचाही हेवा वाटला.