घरी जेवायला कोण थांबतं?

गॅरेजात त्याला सगळे पान्या म्हणत, कारण चहा पितानाही हातातला पाना तो खाली ठेवत नसे. कामाला वाघ, पण स्वभावाने जळका. दुसऱ्याच्या कपात घोटभर चहा जास्त पडला, तरी याचा दिवस नासायचा.

मागच्या खोलीत एक काका येऊन बसत. पोरांना जवळ घेत, त्यांचे जुने अपमान उकरून काढत. लवकरच एक मोठं काम निघणार होतं आणि त्यासाठी ते एकालाच निवडणार होते. काम कसलं, हे पान्याने विचारलं नाही. निवड आपली व्हावी, बस्स.

काका प्रत्येकाला विचारत, "घरी जेवायला कोण थांबतं?"

पान्या पटकन बोलून गेला, "ताई."

गाड्या रंगवणारा रंग्या म्हणाला, "कोणी नाही."

त्या दिवसापासून काकांचा हात रंग्याच्या खांद्यावर. पान्याचा नुसता तिळपापड झाला. ताईशी आपलं मुळीच पटत नाही, असं तो काकांना पटवायला गेला, तर ताईच डबा घेऊन दारात हजर. काका हसले, रंग्याही हसला. पान्याला ते फार लागलं. त्याने ताईशी बोलणं टाकलं. ती मात्र रोज ताट झाकून बसून राहायची.

मग एका सकाळी रंग्याने स्फोटकांनी भरलेला ट्रक भर बाजारात नेऊन स्वतःसकट उडवला. कितीतरी माणसं गेली, लेकरंसुद्धा. काका तर केव्हाच पसार झाले होते. टीव्हीवर जाणकार कारणं सांगू लागले: गरिबी, सूड, चिथावणी. पडद्यावर रंग्याचा फोटो आला आणि, खोटं कशाला सांगा, पान्याच्या मनात आधी हेवाच उठला. सगळीकडे त्याचंच नाव होतं.

पोलिसांनी गॅरेजातल्या सगळ्यांना बोलावलं. अधिकाऱ्याने पान्याला विचारलं, "तुला का नाही निवडलं?"

उत्तर ओठांवर आलं, तेव्हा कुठे काकांनी तो प्रश्न का विचारला होता हे त्याला कळलं.

"माझी ताई जेवायला थांबते," तो म्हणाला.

घरी ताट झाकलेलंच होतं. ताई वाढू लागली. बाजारात गेलेल्यांसाठीही त्या दिवशी घरोघरी कोणी ना कोणी जेवायचं थांबलं होतं. त्यांना मात्र काकांनी ते विचारलं नव्हतं.