शंकरकाकांच्या कानांसाठी बेडसे

ज्या माणसाने मला हौशी बिनतारी संवाद म्हणजे हॅम रेडिओ शिकवला त्यानेच रेडिओ सोडावा, हे माझ्याने बघवेना. सोमाटण्याचे शंकरकाका, वय अठ्ठ्याहत्तर. ऐकू कमी येऊ लागलं तशी त्यांना रेडिओतली खरखर आणि बोलणं वेगळं करता येईना. दोन वर्षांपूर्वी त्यांनी संचावर टॉवेल टाकला तो टाकलाच. डिजिटल संचात खरखर नसते. आवाज आला तर स्वच्छ, नाहीतर येतच नाही. म्हणून दोन डिजिटल हँडसेट घेतले आणि रविवारी सकाळी लोणावळ्यातून स्कूटर काढली.

जुन्या हायवेने मी सोमाटण्याला तासाभरात पोहोचले. काकूंनी पोहे खाल्ल्याशिवाय पिशवी उघडू दिली नाही. काकांनी हँडसेट उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "ह्यो चालला न्हाई, तर परत मला नादी लावायचं न्हाई." हसत म्हणाले, पण मनापासून म्हणाले. अकराला मी बेडसे लेण्यांवरून हाक मारायची, दहा मिनिटं काहीच ऐकू आलं नाही तर दोघांनी याच हँडसेटवरच्या जुन्या पद्धतीच्या, खरखरीच्या ॲनालॉग चॅनेलवर यायचं, असं ठरलं. काकांचा हा जुना नेम आहे. त्याशिवाय ते कुणालाच डोंगरावर पाठवत नाहीत.

जाणार असाल तर कामशेतहून पवनानगरचा रस्ता धरा आणि बेडसे विचारत जा. तिकीट नाही, पायऱ्या चारेकशे, पाणी खालूनच न्या. पायथ्याशी ताक विकणाऱ्या मावशींनी बजावलं, वर रेंज नाही. हा रेडिओ आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मंग गाणी लागत्यात व्हय?" माझ्या गुरूंशी बोलायचंय म्हटलं, तर दुसऱ्या पेल्याचे पैसे घेतले नाहीत. लेण्यांचे खांब इतके उंच, की बघता बघता मान अवघडते.

अकराला हाक मारली. शांत. पुन्हा मारली. आधी डोंगराला दोष दिला, मग अंतराला, आणि शेवटी मनात आलं, गेले काकांचे कान. दहा मिनिटांनी ॲनालॉगवर गेले, तर खरखरीतून शीळ येत होती: लांब-आखूड, लांब-आखूड. काका तोंडाने मोर्स वाजवत होते. खरखरीत बोलणं कळत नसलं तरी शीळ त्यांना कळते, म्हणून माझं उत्तरही त्यांना शिळेतच हवं होतं. 'सी सी.' म्हणजे कलर कोड! हा एक आकडा दोन्ही संचांत सारखा लागतो, नाहीतर शेजारी बसूनही ऐकू येत नाही. आदल्या दिवशी क्लबच्या रिपीटरसाठी, म्हणजे आवाज लांबवर पोचवणाऱ्या यंत्रासाठी, मी माझा बदलला होता आणि साफ विसरले होते. मी डोंगर चढेपर्यंत काकांनी अख्खं माहितीपुस्तक वाचून काढलं होतं.

आकडा बदलला, डिजिटलवर परत येऊन हाक मारली. उत्तर आलं, "सर्दी झालीय व्हय गं? आवाज बसलाय तुजा."

सर्दी होतीच. पण सकाळी तासभर समोर बसूनही त्यांना ती कळली नव्हती. मी पायरीवर बसून रडले. रडणंही स्वच्छ जाईल म्हणून बोलायचं बटण मात्र सोडलं.

परतताना कामशेतला पिठलं-भाकरी खाल्ली, उन्हं उतरताना घरी आले. त्यांनी शिकवलेलं थोडंसं त्यांनाच परत देता आलं, याबद्दल कुणाचे आभार मानू कळत नव्हतं. तेवढ्यात काकूंचा फोन. दुपारपासून काका नव्या हँडसेटवर चिंचवडच्या, असाच संच असलेल्या जुन्या दोस्ताशी बोलत ओट्यावर बसलेत, चहा तीनदा गरम केला, म्हणाल्या. मला वाटलं, तक्रार आहे. पण त्या पुढे म्हणाल्या,

"दोन वर्सं ह्यांचा चहा कदी गारच झाला न्हवता गं."