सायबीण आमच्या दारावरून गेली

तपासणीच्या खोलीत आम्ही तिघे होतो: डॉक्टर, माझी बायको रोझी आणि मी. डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला, कारण आकडे मी विचारत होतो. क्रिॲटिनिन आठ पूर्णांक सहा. क्रिॲटिनिन म्हणजे रक्तातला टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडे चांगली असली की तो लघवीवाटे निघून जातो आणि प्रमाण एकाच्या आसपास राहते.

"दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्यात," डॉक्टर म्हणाले. "आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावं लागेल. यात सुट्टी नाही."

डायलिसिस म्हणजे यंत्रातून रक्त गाळून परत शरीरात सोडणे. एका वेळेला चार तास लागतात. आजाराची पहिली खूण आमच्या डोळ्यांसमोर होती. रोझीला चपला घट्ट होऊ लागल्या होत्या. पायांची सूज आम्ही ओळखली नाही, मोठ्या मापाच्या नव्या आणल्या.

मी डिचोलीत एका ट्रकमालकाचे हिशेब लिहितो. डायलिसिस म्हापशाला. मुलगी इंग्लंडात. सोमवार, गुरुवार, शनिवार रोझीला न्यायचे, आणायचे, पेज भरवायची आणि उरलेल्या वेळात ऑफिस गाठायचे. शेठ वाईट नाहीत. पण महिनाअखेरीला त्यांनी माझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले की मला न बोलता कळायचे.

डायलिसिसच्या खोलीबाहेर बसणाऱ्यांत बोलणे फार होत नाही. प्रत्येक जण भिंतीवरचा टीव्ही बघतो. टीव्हीला आवाज नसतो.

आमच्या भागात ख्रिश्चन घरे थोडी. फादरांनी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, रोझीचे नाव घेतले. पहिल्या आठवड्यात लोक आले, जपमाळ घेऊन रोझरी म्हटली, सूप ठेवून गेले. जाताना प्रत्येक जण म्हणाला, काही लागले तर सांग. मग येणे थांबले. कोणाच्या मनात वाईट नव्हते. आजारी घराला विसावा हवा, असे त्यांना वाटत होते.

मग सायबीण निघाली. सायबीण म्हणजे पवित्र मरियेची मूर्ती. दरवर्षी ती वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, प्रत्येक ख्रिश्चन घरात एक रात्र राहते. संध्याकाळी लदीन, म्हणजे मरियेची स्तुतिगीते, गातात, मग उकडलेले चणे आणि हवा त्याला पेग. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून तिला पुढच्या घरी नेतात.

आमची पाळी होती त्या दिवशी रोझीने मला घरातल्या वेदीचा कपडा इस्त्री करायला लावला. केस विंचरून ती खाटेवर टेकून बसली. गाणे जवळ आले. खिडकीतून मेणबत्त्या दिसल्या. आमच्या फाटकाशी त्यांनी आवाज बारीक केला, रोझीला त्रास होऊ नये म्हणून. आणि पुढे गेले. चार पावलांवर गाणे पुन्हा मोठे झाले.

गाणे ऐकू येईनासे होईपर्यंत रोझी खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमी अजून जिती आसंव मां?"

आपण अजून जिवंत आहोत ना, असे ती विचारत होती. मी कपड्याची घडी घातली.

रविवारी मिस्सेनंतर मी फादरांना सरळ सांगितले. वाड्याचा पुढारी सेबास्त्यांव तिथेच होता. निवृत्त बस ड्रायव्हर, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याचा चेहरा उतरला.

"तुमका तरास नको म्हणान फुडे व्हेली," तो म्हणाला. "चणे उकडूचे, लोक येतले, खुर्च्यो मांडूच्यो. तू एकटो."

"मग खुर्च्या तुम्ही आणायच्या होत्या," मी म्हणालो.

मग त्याने दुसरी अडचण काढली. सायबीण एकदा पुढे गेली की मागे फिरत नाही, आजवर फिरली नाही. फादर म्हणाले, "तिला रस्ता माहीत आहे, सेबास्त्यांव. तू फक्त उचल."

दुसऱ्या दिवशी सायबीण मागे फिरली. चणे शेजारणींनी आणले, खुर्च्या सेबास्त्यांवने. मूर्ती खाटेवरून दिसेल अशी ठेवली. सोमवार होता, डायलिसिसनंतर रोझी फार थकते. लदीन अर्ध्यावर असताना तिला झोप लागली. कोणी गाणे थांबवले नाही, आवाजही कमी केला नाही.

माझ्यासारख्यांच्या शेजाऱ्यांना आणि चर्च चालवणाऱ्यांना एवढेच सांगतो. 'काही लागले तर सांग' हे आमच्यावर आणखी एक काम असते. वार विचारा, वेळ विचारा, गाडी कोण चालवणार ते ठरवा. आणि आमच्यावर दया करून आम्हाला गाळू नका. नको असेल तर नको म्हणण्याचा हक्क आमचा राहू द्या.

गुरुवारची फेरी आता सेबास्त्यांव करतो. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत ऑफिसात बसतो. घरी आलो की दोघांचे भांडण चाललेले असते, बहुधा त्याच्या गाडी हाकण्यावरून. मरणाची भीती वाटते, हे रोझीने त्याला गाडीत सांगितले. मला ते त्याच्याकडूनच कळले. मला आधी वाईट वाटले, मग कळले की मला सांगणे तिला जमणारच नव्हते. मी ते ऐकून कामावर गेलो नसतो.

मागच्या गुरुवारी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. रोझीच्या सुजेविषयी, पुढच्या तपासणीविषयी मी बोलत होतो. त्याने ऐकून घेतले. गाडीचे दार उघडून तो थांबला आणि म्हणाला, "आनी तुजा कसा चल्ला?"

मी बरे आहे म्हणणार होतो. त्याने दार पुन्हा लावले आणि फाटकाला टेकून उभा राहिला. मग मी त्याला खरे ते सांगितले.