वेगळं ताट
हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. आज मेथीच्या वासानं थोरला भाऊ आठवला. कारखाने यायच्या आधीच्या चाकणात आम्ही दोघं एकाच ताटात जेवायचो. त्याला मधुमेह झाला, डॉक्टरांनी भाकरी, भात, गूळ बंद केला. भाकरी दिसली की मन डळमळायचं, म्हणून तो भिंतीकडं तोंड करून एकटाच मेथी नि ताक घ्यायचा. त्याच्या पाठीकडं बघत जेवणं माझ्या मनाला लागायचं. एकदा पाहुण्यांदेखत मी बोललो, "दादा, ताट येगळं केलंस, आता चूलबी येगळी मांड." तो माझ्या ताटाशी येऊन बसला. "सरक, भाकरी मोड," म्हणाला. पुन्हा त्यानं पथ्य धरलं नाही. पुढं साखर वाढून त्याच्या पायाची जखम चिघळली, तेव्हा मी रोज उशाशी बसायचो. पण "दादा, चुकलं माझं, तू येगळाच जेव," एवढं माझ्याच्यानं तो जाईपर्यंत म्हणवलं नाही.