विहिरीजवळचा गोल

"ताई, हे गेले," एवढंच सुनीता, माझी भावजय, फोनवर म्हणाली आणि मी इंदापूरच्या माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या विचारलं, "कुठल्या शर्यतीत?" दत्ता तापानं बारामतीच्या दवाखान्यात होता हे मला ठाऊक होतं, तरी तोंडातून तेच निघालं. गाडी याला कधीतरी नेणार म्हणून आम्ही सगळे इतकी वर्षं जीव मुठीत धरून बसलो... आणि नेलं एका डासानं. मला अजून त्याचा राग येतो.

माझा हा धाकटा भाऊ मातीवरच्या मोटरसायकल शर्यती खेळायचा. मोबाईलवर पोलंडच्या शर्यती बघून त्याला हे खूळ लागलं. मातीचा लंबगोल, गाडीला ब्रेकच नाही, वळणावर मागचं चाक घसरवत आणि डावा पाय जमिनीला घासत जायचं! "तिकडं याला आपल्या कुस्तीच्या फडावानी गर्दी अस्ती, ताई," तो सांगायचा. ब्रेक का नाही म्हणून विचारलं तर म्हणे, "आपण थांबलो तर मागचा अंगावर येतोय." यावर कुणाची बहीण निवांत झोपेल? साताऱ्यापासून नाशिकपर्यंत तो खेळला, जिंकला, खांद्याचं हाडही मोडून घेतलं. पोलंडला जायचं मात्र राहिलं.

पणदऱ्याला आमच्या विहिरीजवळच्या तुकड्यात त्यानं माती सपाट करून भोवती जाळी मारली, तेव्हा तात्यांना, म्हणजे आमच्या वडिलांना, वाटलं पोरगं गाई मोकळ्या सोडायला मुक्त गोठा करतंय. त्यांनी गावभर सांगितलं, पाहुण्यांकडं दोन गाई बोलून ठेवल्या. गाईंऐवजी टेम्पोतून गाडी उतरली. तात्या म्हणाले, "हिला धार कुठनं काढायची?" आम्ही हसून लोळलो, पण ते हसले नाहीत. त्यानंतर त्यांनी त्या जाळीच्या आत पाऊल टाकलं नाही. दत्ता शर्यती सोडून रविवारी आसपासच्या पोरापोरींना शिकवायला लागला, तरीही नाही. "एक दिवस हितं ऊस लावणार," एवढंच म्हणायचे.

तो दिवस आला असं आम्हाला वाटलं. तेरावं होऊन आठवडा झाला होता आणि तात्यांनी ट्रॅक्टर सांगितला होता. सुनीता माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुमी बोला ना तात्यांना. एवढाच तर ह्यांच्या हातचा तुकडा ऱ्हायलाय." मी तोंड उघडणार, तर ट्रॅक्टरमागं नांगर दिसेना. सपाटीकरणाची फळी होती. तात्या पहिल्यांदा जाळीच्या आत जाऊन उभे राहिले आणि ड्रायव्हरवर खेकसू लागले, "वळणावरचं खड्डं आधी भर. पोरांचं हातपाय मोडत्याल."

काम उरकल्यावर ते ओसरीवर बसले. मग सुनीताला म्हणाले, "मला त्यातलं काय कळत न्हाय, पोरी. रविवारी किती वाजता येत्यात ही पोरं?"

"सातला."

"मग मला तितं खुर्ची टाक. अन् च्या जास्त ठेव."

सुनीता आत गेली. भांड्यांचा आवाज येत होता, रडण्याचाही येत होता. मी डोकावून पाहिलं, तर रविवारला चार दिवस असताना ती मोठं पातेलं घासायला बसली होती.