मेजरने खरं सांगायला हवं होतं

बालिकची गावात सरोवराकाठच्या रस्त्यावर सुके मासे विकणाऱ्या बुरुलचा जीव दोघांत अडकलेला होता. एक तिचा लेक एल्दियार. सहा वर्षांपूर्वी तो रशियात बांधकामावर गेला आणि गेली तीन वर्षं त्याचा फोन बंद होता. दुसरा टीव्हीवरच्या मालिकेतला मेजर तेमिरलान.

मेजर खोटा आहे, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. पण तीन वर्षं दर गुरुवारी तो एका बेपत्ता पोराला शोधत होता, आणि त्या पोराची आई दारात स्टूल टाकून बसलेली असायची. तो पोरगा जिवंत सापडला तर आपलाही सापडेल, असं बुरुलनं मनाशी धरलं होतं. वेडेपणाच तो, पण आईला सांगणार कोण?

शेजारची तुर्सुनाय तिला थोरल्या बहिणीसारखं 'एजे' म्हणत चिडवायची, "एजे, निकाह लावून टाका मेजरशी. घरबसल्या तपास होईल!"

"लावला असता गं, पण त्याच्या गणवेशाची बटणं शिवायची तर मला चष्मा लागतो."

मालिकेच्या शेवटच्या भागाला बुरुलनं सुनेला, नुरझादाला, हाताला धरून शेजारी बसवलं. मेजरला पोराची कबर सापडली. तो आईच्या दारात आला, टोपी काढून उभा राहिला. "सापडला?" आईनं विचारलं. मेजर म्हणाला, "शोध चालू आहे, आई." आणि निघून गेला. मालिका संपली.

बुरुलनं उशी फेकून टीव्हीवर मारली.

"भित्रा मेला! दया आली म्हणे! अरे, तू कोण दया करणारा? लेक तिचा, दुःख तिचं. पोटभर रडू तरी द्यायचंस तिला! आता मरेपर्यंत बसेल ती त्या स्टुलावर!"

ती ढसाढसा रडायला लागली. नुरझादा चहा ओतत होती. वाटी भरली, चहा दस्तरखानाच्या कापडावर सांडला, तरी तिचा हात थांबेना. बुरुलचं लक्ष गेलं. तीन वर्षं मेजरच्याही आधी गुन्हेगार ओळखणारी बाई ती. तिचा राग जागच्या जागी गार पडला.

"नुरझादा, इकडं बघ."

सुनेनं मान वर केली नाही.

"कधी?" बुरुलनं विचारलं.

"तीन वर्षं झाली, आई. इमारतीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात माती ढासळली. सोबतच्या माणसानं मला कळवलं. तिथंच पुरलं त्यांना. तुम्ही तेव्हा छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात होतात. म्हटलं, बऱ्या झाल्यावर सांगू. तुम्ही बऱ्या झालात आणि रस्त्याकडं तोंड करून बसायला लागलात. मग माझं तोंडच उघडेना."

तिशीची पोर. तीन वर्षं नवरा परतणार असल्यासारखी डोक्याला सधवेचा रंगीत रुमाल बांधून वावरत होती. बुरुलला तिच्यावर ओरडताही येईना. पण दुसऱ्याच एका गोष्टीनं तिचं काळीज फाटलं. त्यांच्याकडं रीत होती, दर गुरुवारी तेल तापवून पिठाचे तुकडे तळायचे, म्हणजे त्याचा वास आपल्या मेलेल्यांपर्यंत पोचतो आणि घरचे विसरले नाहीत हे त्यांना कळतं. जिवंत म्हणून धरलेल्या लेकासाठी ती कशाला तळेल?

"तीन वर्षं माझं पोर उपाशी राहिलं गं," ती म्हणाली. "सगळ्यांच्या घरून वास गेला. त्याच्या घरून नाही."

"नाही राहिले उपाशी," नुरझादा म्हणाली. "तुम्ही मालिकेला बसलात की मी तुर्सुनायकडं जायचे. तिच्या चुलीवर तळायचे, त्यांच्या नावानं. एकही गुरुवार चुकवला नाही."

बुरुल भिंत धरत चुलीपाशी गेली आणि कढई चढवली. तेल ओतलं.

"पीठ मळ," ती म्हणाली. "आणि आज त्याचं नाव मोठ्यानं घे. स्वतःच्या घरात आहेस तू."