दगडात कोरलेला पत्ता

जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगरातल्या गावांत फिरून जुन्या भातवाणांची माहिती रेकॉर्ड करायची, हे माझं काम. एका गावातले एक म्हातारे शेतकरी माझ्याशी तासभर बोलले होते. ते रेकॉर्डिंग आमच्या संस्थेच्या वेबसाइटवर चढलं. पुढे ते वारले, तेव्हा गावाने शाळेच्या भिंतीत त्यांच्या नावाची काळ्या दगडाची पाटी बसवली. नाव दगडात कोरायची आपल्याकडे हौसच फार. गावकऱ्यांनी नावाखाली त्या रेकॉर्डिंगचा क्यूआर कोडही कोरून घेतला. फोन धरला की त्यांचा आवाज ऐकू यायचा. त्यांच्या पत्नी, मी त्यांना मावशी म्हणतो, बाजाराहून परतताना तिथे थांबून ऐकायच्या.

मग संस्थेने वेबसाइट नवी केली. नवे रंग, नवे फोटो आणि जुने सगळे पत्ते बंद. मावशींचा फोन आला.

"भाऊ, पाटीवर फोन धरला तर नुसतं इंग्रजी येतंय. ह्यांचे फोटू हायेत घरात. आवाज तेवढाच व्हता."

माझं डोकंच फिरलं. वेबसाइटवाल्याला विचारलं, तर म्हणाला, लिंक बदलली आहे, पाटी नवी छापून घ्या. दगड छापतात का राव? जुन्या हार्डडिस्कवर फाइल सापडली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. ती मी एका ऑनलाइन संशोधन-भांडारात जमा केली. तिथे प्रत्येक फाइलीला कायमचा क्रमांक देतात. फाइल दुसरीकडे हलवली, की क्रमांकापुढचा पत्ता तेवढा बदलतात. क्रमांक तोच राहतो.

त्या क्रमांकाच्या नव्या कोडची पाटी घेऊन गावात गेलो. गवंडी जुन्या पाटीखाली ती बसवत होता, तोवर मी मावशींना समजावलं. तुमच्या आंब्याच्या खाचरातला आंबा कधीच पडला, खाचर वाटणीत दिरांकडे गेलं, तरी ‘आंब्याचं खाचर’ म्हटलं की माणूस बरोबर तिथेच पोचतो ना? तसंच हे.

"मंग पयल्यापासूनच तसं का न्हाई केलं?" मावशी म्हणाल्या.

संस्थेच्या मिटिंगमध्ये मीही हेच विचारलं होतं. तेव्हा चहा आला आणि विषय मागे पडला.

मावशींनी पाटीवर फोन धरला. आधी थोडी खरखर झाली. मग रेकॉर्डिंग सुरू होताना त्यांच्या यजमानांनी मला विचारलेलं ऐकू आलं, "चालू झालं का?"

मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"झालं," त्या म्हणाल्या. "बोला तुमी."